आईच्या कानातली गाठ: दादा म्हणतो काढून टाकू, मी काय करू?

पत्र: ताई, आम्ही सांगलीचे. आई ७१ वर्षांची आहे. दोन-तीन वर्षं तिला डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, वयाचं असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. आता चालताना तोल जायला लागला म्हणून एमआरआय केला तर कानाच्या नसेवर १६ मिलिमीटरची गाठ निघाली, अकूस्टिक न्यूरोमा म्हणे. पुण्याचे सर्जन म्हणतात ऑपरेशन करा, मुंबईचे म्हणतात गॅमा नाइफ, म्हणजे न कापता गाठीवर नेमकं रेडिएशन, आमचे फॅमिली डॉक्टर म्हणतात सहा महिने थांबून बघा. आईला शुगर आहे, चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय. दादा म्हणतो एकदाची काढून टाकू, पुढे वय वाढल्यावर जमणार नाही. आईला आम्ही फक्त नस सुजलीय एवढंच सांगितलंय. मला झोप लागत नाही, काय करू?

उत्तर: अगं, पहिलं म्हणजे ही गाठ कॅन्सरची नाही, ती शरीरात पसरत नाही, आणि बहुतेक वेळा वर्षाला एक-दोन मिलिमीटर एवढीच वाढते, कित्येकांची तर वर्षानुवर्षं आहे तशीच राहते. त्यामुळे उद्याच्या उद्या ठरवायलाच हवं असं काही नाहीये. तीन डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या म्हणून कुणीतरी फसवतंय असंही समजू नकोस, या साइजच्या गाठीला खरंच तीन रस्ते असतात आणि तिन्ही बरोबर असू शकतात.

दादाचं म्हणणं चुकीचं नाही, ७८व्या वर्षी मोठी गाठ काढणं ७१पेक्षा अवघडच. पण तो एक गोष्ट विसरतोय. गॅमा नाइफ साधारण तीन सेंटीमीटरपर्यंतच्या गाठीला करता येतं, म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय केला आणि गाठ थोडी वाढलेली दिसली तरी तो रस्ता उघडाच राहतो. नॉर्वेमध्ये लहान-मध्यम गाठी असलेल्या १०० पेशंटवर अभ्यास झाला, २०२३ मध्ये छापून आला, अर्ध्यांना लगेच रेडिएशन दिलं आणि अर्ध्यांना नुसतं लक्षाखाली ठेवलं. चार वर्षांनी रेडिएशनवाल्यांची गाठ सरासरीने थोडी आक्रसली होती आणि थांबलेल्यांची वाढली होती हे खरं, पण ऐकू येणं, चक्कर, रोजचं जगणं यात दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता, आणि थांबलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना त्या चार वर्षांत काहीच करावं लागलं नाही. म्हणजे थांबणं ही पण ट्रीटमेंटच आहे, फक्त पुढचे एमआरआय चुकवायचे नाहीत, शक्यतो त्याच सेंटरला करायचे म्हणजे तुलना नीट होते, आणि शुगर आहे म्हणून कॉन्ट्रास्ट (गाठ स्पष्ट दिसायला एमआरआयच्या वेळी शिरेतून देतात ते औषध) द्यायच्या आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघून घ्यायचं.

ऑपरेशनबद्दल स्पष्टच लिहिते. चेहरा हलवणारी नस या गाठीला अगदी चिकटून जाते. तिला धक्का लागला तर एका बाजूचा चेहरा लोंबतो, डोळा पूर्ण मिटत नाही म्हणून रात्री पट्टी लावून झोपावं लागतं, दिवसभर ड्रॉप्स, चहा पिताना ओठाच्या कोपऱ्यातून ओघळतो. कधी हे काही महिन्यांत सुधारतं, कधी नाही. पुन्हा आईला अँजिओप्लास्टीनंतरच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्या थांबवायच्या की नाही, किती दिवस, हे तिच्या हार्टच्या डॉक्टरांनी ठरवायचं, न्यूरोसर्जनने एकट्याने नाही. आणि गेलेलं ऐकू येणं कुठल्याही उपायाने परत येत नाही, हे दादाला नीट सांग, कारण मला वाटतं गाठ काढली की आईला पूर्वीसारखं ऐकू येईल असं त्याच्या मनात कुठेतरी आहे.

गॅमा नाइफमध्ये कापाकापी नाही, बहुतेक पेशंट त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी येतात. पण गाठ गायब होत नाही, तिची वाढ थांबवायची एवढाच हेतू असतो, आणि पहिल्या काही महिन्यांत ती जरा सुजल्यासारखी मोठी दिसू शकते, तेव्हा घाबरून जायचं नाही.

मी मुलगी म्हणून तुझ्या जागी असते तर आत्ता थांबले असते. पण पुण्याच्या सर्जनना आधी विचारलं असतं की गाठ मेंदूच्या देठावर दाबतेय का, अशी ऑपरेशनं ते स्वतः वर्षाला किती करतात, ऑपरेशन चालू असताना चेहऱ्याच्या नसेवर लक्ष ठेवणारं मॉनिटरिंग लावतात का, आणि नसेला चिकटलेला तुकडा मागे ठेवायची त्यांची तयारी आहे का, कारण वयस्कर माणसांत चेहरा वाचवायला थोडी गाठ मुद्दाम ठेवतात. दाब असेल तर माझं मत बदलेल. आणि डोकेदुखी वाढत जाऊन उलट्या, गुंगी, चेहऱ्याला बधिरपणा, गिळताना ठसका असं काही दिसलं तर सहा महिने वगैरे काही नाही, लगेच हॉस्पिटल.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेलं. दादा काय म्हणतो, डॉक्टर काय म्हणतात सगळं लिहिलंस, आई काय म्हणते ते पत्रात कुठेच नाही, कारण तिला माहीतच नाहीये. चेहरा तिचा, तोल तिचा, आणि तुम्ही दोघं परस्पर ठरवताय. तिला सांग गं. घरात दुसरं कुणी नसताना, दुपारच्या चहाला, तिच्या उजव्या बाजूला बसून, म्हणजे तिला नीट ऐकू येईल. कॅन्सर नाही हे पहिल्याच वाक्यात सांग, मग बाकीचं. ती कदाचित म्हणेल मला कापाकापी नको, कदाचित म्हणेल डोक्यात काही ठेवून मला झोप येणार नाही, काढून टाका. दुसरं म्हणाली तर माझं वरचं मत बाजूला ठेव आणि चांगला सर्जन शोधायला लाग.

खर्चाचं तू लिहिलं नाहीस, पण महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला ॲडमिशनच्या आधी विचार, नंतर नाही. घरात बाथरूमला धरायला दांडा बसव आणि रात्री पॅसेजचा दिवा चालू ठेव, या आजारात अंधारात तोल जास्त जातो. तोल सांभाळायचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून आत्तापासूनच सुरू कर, निर्णय काहीही झाला तरी ते लागणारच आहेत. आणि पुढच्या अपॉइंटमेंटला नुसता रिपोर्ट नको, एमआरआयची सीडी घेऊन जा, आणि डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत आईला बसव, तुम्ही दोघं मागे बसा.