वरच्या मजल्यावरची जागा भाड्याने देण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

नारायण पेठेतल्या जागेचा आराखडा पाहिला. भाडं वाढावं म्हणून गच्चीवर पत्र्याची खोली चढवायचा तुझा बेत आहे. तो सोडून दे. गच्ची सोसायटीची, सगळ्यांची. तुझ्या डोक्यावर आहे म्हणून ती तुझी होत नाही. विनापरवाना बांधकाम महापालिका एमआरटीपी म्हणजे नगररचनेच्या कायद्याखाली नोटीस देऊन पाडू शकते. तेव्हा आत राहणाऱ्या कुटुंबाने जायचं कुठे?

जागा आतूनच मोकळी कर. हॉल आणि स्वयंपाकघरामधली साडेचार इंची भिंत बहुधा नुसता आडोसा असते, ती निघाली तर उजेड थेट ओट्यापर्यंत येईल. नऊ इंची भिंतीला मात्र हात लावू नकोस. पेठेतल्या जुन्या लोड बेअरिंग इमारतींत स्लॅबचा भार तीच पेलते. कुठलीही भिंत पाडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनियरला प्रत्यक्ष दाखव आणि त्याचं मत लेखी घे. बाल्कनी बंद करून खोलीत घ्यायची तर त्यालाही परवानगी लागते.

शेवटच्या मजल्याचं खरं दुखणं वर असतं. स्टुलावर चढ, लहान हातोडी घे आणि छत फुटाफुटावर हलकेच ठोकत जा. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर तिथलं प्लास्टर सुटलेलं आहे, आतली सळईही गंजली असण्याचा संभव आहे. तिथे खडूने वर्तुळ काढ. अशा जागी पोकळ भाग काढून, सळई ब्रशने घासून, गंजरोधक लेप देऊन पॉलिमर मॉर्टर, म्हणजे पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला, भरतात. हे न करता फॉल्स सीलिंग लावणारा कंत्राटदार मला मुळीच चालत नाही. त्या छताखाली कुणाचं तरी लेकरू झोपणार आहे.

गच्चीवरचा कोबा, म्हणजे पाणी अडवणारा थर, फुटला असेल तर सोसायटीला लेखी अर्ज दे. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, गच्चीतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायची असते. मुकाट्याने स्वतःच्या खिशातून करू नकोस. काम मेअखेर संपव, आणि पावसाआधी गच्चीवर दोन-तीन दिवस पाणी साठवून खालचं छत तपास.

आता नळाचं. टाकी नळाच्या जेमतेम दहा फूट वर असली की दाब फार तर ०.३ बार मिळतो, शॉवर नीट चालत नाही. छोटा प्रेशर पंप बसव, पण फक्त तुझ्या स्वतःच्या लाइनवर. वायरिंग जुनं असेल तर सगळंच बदल आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, घाल.

करार तोंडी नको. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची म्हणजे तुझी. पोलिसांकडेही भाडेकरूची माहिती दे. तू स्वतः न राहता जागा भाड्याने देतोस म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क मागेल. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे लक्षात असू दे.

छतावर खडूची वर्तुळं काढून झाली की फोटो पाठव. खर्चाचा अंदाज त्यानंतर मांडू.