रिचार्जच्या मधल्या काळात नंबर कसा राखायचा?

वाचकांचे प्रश्न : मोबाइल

आईचा जुना नंबर बँकेला, गॅसला आणि पेन्शनच्या खात्याला जोडलेला आहे. ती काटोलला असते. तिला फोन येतात, ती क्वचित करते, इंटरनेट अजिबात लागत नाही. तरी मी दर २८ दिवसांनी १९९ चा रिचार्ज मारून राह्यलो. नागपुरात बर्डीतला दुकानदार म्हणतो, याहून स्वस्त काही नाही. खरं आहे का?
– एक वाचक, मानेवाडा

नाही. २८ दिवसांच्या प्लॅनला वर्षात १३ रिचार्ज लागतात, म्हणजे तुमचे २,५८७ रुपये जातात, आणि त्यातला काही हिस्सा आई वापरतच नाही अशा डेटाचा आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे मोबाइल कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, नियम बदलला. फक्त कॉल आणि एसएमएस देणारं व्हाउचर (म्हणजे रिचार्जचा प्लॅन) ठेवणं कंपन्यांना बंधनकारक झालं आणि अशा व्हाउचरची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर गेली. हे प्लॅन आल्यावर जानेवारी २०२५ च्या अखेरीस जिओचा ८४ दिवसांचा ४४८ रुपयांना आणि ३३६ दिवसांचा १,७४८ ला होता. एअरटेलचा ८४ दिवसांचा ४६९ ला आणि ३६५ दिवसांचा १,८४९ ला. भाव बदलत असतात, म्हणून पैसे भरण्याआधी कंपनीच्या अ‍ॅपमध्ये आजचा आकडा बघा. पेमेंट अ‍ॅप उघडलं की वर डेटाचेच प्लॅन दिसतात, हे पार खाली असतात. दुकानदाराला नेमकं ‘फक्त कॉल-एसएमएसवाला’ असं सांगा.

मोठा प्लॅन घ्यायचा की छोटा, हे रोजच्या खर्चावर ठरवा. १९९ च्या प्लॅनमध्ये दिवसाला ७ रुपये ११ पैसे पडतात. वरच्या भावांनी एअरटेलचा ८४ दिवसांचा ५ रुपये ५८ पैसे, वर्षाचा ५ रुपये ७ पैसे. वर्षभरात सुमारे १८९ रुपयांचा फरक, तेव्हा वर्षाचा घेतलेला बरा. जिओत मात्र हे दोन आकडे ५.३३ आणि ५.२० आहेत. वर्षाला जेमतेम ४८ रुपये वाचवायला १,७४८ एकदम अडकवू नयेत, असं आमचं मत. शिवाय ३३६ दिवस म्हणजे वर्षाला २९ दिवस कमी. ‘मागच्या दिवाळीला मारला होता, या दिवाळीपर्यंत चालेल’ या हिशेबात इथेच चूक होते.

आईच्या फोनमध्ये मोबाइल डेटा मात्र बंद करून ठेवा. प्लॅनमध्ये डेटा नसताना तो चालू राहिला, तर खात्यातली टॉपअपची (प्लॅनशिवाय नुसत्या भरलेल्या पैशांची) शिल्लक खाऊन टाकतो. ती शिल्लक कशाला हवी, ते पुढच्या उत्तरात.

‘सिममध्ये २० रुपये ठेवले की नंबर कधीच बंद होत नाही’ असा मेसेज फिरतोय. मी २० चा टॉपअप मारला, आठवड्याभरात फोन येणंच बंद झालं. कंपनीने फसवलं का?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर

नियम खरा आहे, मेसेज अर्धवट आहे. ट्रायची ही तरतूद २०१३ ची. वापर नसला तरी ९० दिवसांच्या आत प्रीपेड नंबर कायमचा बंद करता येत नाही. ९० दिवस झाल्यावर खात्यात २० रुपये किंवा जास्त शिल्लक असेल, तर त्यातले २० कापून नंबर आणखी ३० दिवस राखला जातो, आणि शिल्लक पुरेल तोवर असंच चालतं.

पण ही योजना फक्त *नंबर* राखते, सेवा नाही. प्लॅनची वैधता संपली की आधी जाणारे कॉल थांबतात, काही दिवसांनी येणारेही थांबतात, आणि त्यासोबत ओटीपीसुद्धा. तुमचं हेच झालं आहे. नंबर अजून तुमचाच आहे. वैधतेचा प्लॅन मारला की सुरू होईल.

दुसरी मेख हिशेबात आहे. २० च्या टॉपअपवर खात्यात २० जमा होत नाहीत. १८ टक्के जीएसटी निघाला की १६.९५ उरतात. त्यातून प्रक्रिया शुल्क जातं. ते किमतीच्या १० टक्के किंवा ३ रुपये, यातलं जे कमी असेल तेवढं, म्हणजे इथे २ रुपये. हाती येतात १४ रुपये ९५ पैसे. कापायला २० नाहीतच, तेव्हा नंबरही राखला जाणार नाही. ५० चा टॉपअप केला तर ३९.३७ जमा होतात, म्हणजे एकदाच ३० दिवस. १०० चा केला तर ८१.७५, म्हणजे चारदा, १२० दिवस. सिम खरंच कपाटात टाकायचं असेल, तर १०० चाच टॉपअप करा. बँकेला जोडलेल्या नंबरासाठी मात्र हा मार्ग वापरू नका.

माझ्या दुसऱ्या सिमवर बँकेचे मेसेज रोज येतात. मग वापर चालूच आहे ना?
– एक वाचक, कामठी

नाही. आलेला एसएमएस वापरात धरत नाहीत. आलेला किंवा केलेला कॉल, पाठवलेला एसएमएस, डेटाचा वापर, हे धरतात. महिन्यातून एकदा त्या सिमवरून मिनिटभर कॉल करा. वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप कॉल केला तर त्याचा सिमशी संबंध येत नाही. आणि जिओचं सिम जुन्या २जी बटणाच्या फोनात टाकून ठेवू नका. जिओला २जी नेटवर्कच नाही.

अडीच-तीन महिने रिचार्ज राहून गेला. आता सिमला रेंजच येत नाही. नंबर परत मिळेल?
– एक वाचक, उमरेड

आधी दुसऱ्या फोनवरून तो नंबर लावून बघा. ‘अस्तित्वात नाही’ असं ऐकू आलं, तर रिचार्ज मारू नका, पैसे अडकतील. नंबर बंद झाल्यावर १५ दिवसांची सवलत असते, त्यात तो परत सुरू करता येतो. म्हणून आजच कंपनीच्या स्वतःच्या स्टोअरमध्ये आधार घेऊन जा. ज्याच्या नावावर सिम आहे त्यानेच जायचं. कोपऱ्यावरच्या रिचार्जच्या दुकानात हे काम होत नाही.

१५ दिवस उलटले असतील, तर बंद झालेला नंबर निदान ९० दिवस दुसऱ्या कुणाला देत नाहीत. हा वेळ आवराआवरीचा आहे. पहिली बँक: शाखेत अर्ज देऊन नंबर बदला. बंद झालेल्या नंबरांची सरकारी यादी बँका आणि यूपीआय अ‍ॅप तपासतात, त्यामुळे यूपीआय अचानक थांबू शकतं. मग आधार: केंद्रावर जा, किंवा घरी वयस्कर माणूस असेल तर पोस्टमनकडूनही आधारचा मोबाइल नंबर बदलून मिळतो. व्हॉट्सअ‍ॅप फोनमध्ये अजून चालू असेल, तर सेटिंग्ज, अकाउंट, ‘नंबर बदला’ असं जा. त्याला जुनं सिम लागत नाही, ओटीपी नव्या नंबरावर येतो. हे लगेच करा, कारण १२० दिवस वापर नसला तर खातंच पुसलं जातं. एवढं सगळं न करता सोडून दिलं, तर नंबर घेणाऱ्या अनोळखी माणसाकडे तुमचे ओटीपी जातील.

स्वस्त प्लॅनसाठी कंपनी बदलायची आहे. प्लॅन संपल्यावर पोर्ट करावं, म्हणजे पैसे वाया जात नाहीत?
– एक वाचक, धरमपेठ

उलट करा. वैधतेचे सात-आठ दिवस शिल्लक असताना पोर्ट करा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदला. इंग्रजी मोठ्या अक्षरांत PORT, एक जागा सोडून दहा आकडी नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवा. उत्तरात येणारा कोड आपल्याकडे ४ दिवस चालतो. त्याच सर्कलमध्ये (मोबाइल सेवेच्या विभागात) पोर्ट व्हायला ३ कामाचे दिवस लागतात. नागपूर महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतं. मुंबईचं सर्कल वेगळं, तिथून आणलेल्या नंबराला ५ दिवस धरा. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले नसतील, किंवा सिम बदलून ७ दिवस झाले नसतील, तर कोड मिळत नाही. उरलेली टॉपअपची शिल्लक आणि प्लॅनचे दिवस नव्या कंपनीत येत नाहीत, म्हणून वर्षाचा प्लॅन मारण्याआधीच घरात रेंज कुणाची चांगली, ते ठरवून घ्या.

सगळं बरोबर असूनही कोड नाकारला, तर १९८ वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. त्याच्याशिवाय पुढे कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येत नाही.