मुलगा रेफ्रीवर चिडतो, सरकारवर चिडतो: औषध लागेल का?

"पोरगं दिवसभर चिडलेलं असतंय, मॅडम. रेफ्रीवरनं सुरू करतंय आणि मंत्र्यांवर जाऊन थांबतंय. ह्याला गोळ्या लागतील काय?" एका आईने विचारलेला हा प्रश्न थोड्याफार फरकाने कोल्हापुरातल्या बऱ्याच घरांतून समुपदेशनात माझ्याकडे येतो. म्हणून त्या मुलाच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, लिहिते आहे.

वय बावीस. पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून डिफेन्सला खेळतो. शाहू स्टेडियमवरच्या एका सामन्यात शेवटी-शेवटी त्याच्यावर हँडबॉल धरून पेनल्टी दिली गेली. संघ हरला. हा रेफ्रीच्या अंगावर धावून गेला आणि रेड कार्ड घेऊन बाहेर आला. पहिल्या भेटीत बसल्या-बसल्या त्याने मोबाइल पुढे केला, व्हिडिओ थांबवला, दोन बोटांनी मोठा केला. चेंडू खांद्याला लागलेला. काखेच्या वरचा भाग नियमात हात धरत नाहीत. "दिसतंय का नाही?" मला दिसत होतं, आणि तसं मी सांगितलं. तोवर घरातले, मित्र, कोच, सगळे त्याला 'सोडून दे' म्हणत होते. ज्याच्यावर खरोखर अन्याय झालाय त्याला हे ऐकवलं की त्याची चीड दुप्पट होते.

मग पुराचं निघालं. घर शुक्रवार पेठेच्या नदीकडच्या सखल भागात. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलच्या दोन रेघा आहेत, २०१९ आणि २०२१ च्या. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. जून लागला की हा रात्री उठून राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी मोबाइलवर बघत बसतो. म्हणाला, "२०१५ ला पॅरिसमध्ये जगाची तापमानवाढ दीड अंशाच्या आत ठेवायचा प्रयत्न करायचं ठरलं. २०२४ हे अख्खं वर्ष त्याच्या वर गेलं. कुणाला कार्ड दाखवलं?"

मला त्याचा हा प्रश्न अगदी बरोबर वाटतो. एका वर्षाने करार मोडला असं होत नाही, तिथे दीर्घकालीन सरासरी धरतात. पण निर्णय घेणाऱ्याला जाब विचारता येत नाही, ही त्याची दुखरी जागा दोन्हीकडे एकच आहे. तो एकटाही नाही. २०२१ मध्ये 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये भारतासह दहा देशांतल्या दहा हजार तरुणांच्या हवामानबदलाविषयीच्या चिंतेचा अभ्यास आला. सरकार पुरेसं करत नाही, आपल्याला वाऱ्यावर सोडलंय, या भावनेचा त्यांच्या मानसिक त्रासाशी संबंध दिसला. म्हणजे आईच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं, की चीड हा आजार नव्हे.

त्रास वेगळ्या ठिकाणी होता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचारात आम्ही दोन गोष्टी वेगळ्या करतो. अन्याय नकोसा वाटणं, त्याविरुद्ध उभं राहणं हे निरोगी. 'असं होताच कामा नये, आणि झालं तर मला सहनच होणार नाही' या हट्टाने मात्र झोप जाते. तो व्हिडिओ तो रोज रात्री बघायचा. मी विचारलं, बघून झाल्यावर काय बदलतं? बराच वेळ गप्प बसला.

पुढच्या खेपेला २०१० च्या वर्ल्डकपचा विषय त्यानेच काढला. इंग्लंडच्या लॅम्पार्डचा फटका जर्मनीच्या गोलरेषेच्या चांगलाच आत पडला होता, तरी गोल दिला नाही. तो निकाल काही फिरला नाही. पण २०१२ मध्ये गोललाइन तंत्रज्ञानाला मंजुरी मिळाली आणि २०१४ च्या वर्ल्डकपमध्ये ते वापरलं गेलं. हे मी उचललं. तुझ्या सामन्याची शिट्टी वाजून गेली, पुढच्या पुराची अजून वाजायची आहे. मग रोजची ताकद कुठे घालायची?

त्याने ठरवलं ते असं: व्हिडिओ तालमीतल्या कोचकडे द्यायचा आणि मोबाइलमधून काढायचा. कोचमार्फत लेखी तक्रार एकदाच. पावसाळ्यात पातळी सकाळ-संध्याकाळच बघायची. आणि आपल्या भागात निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नदीलगतच्या बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्यात, भराव टाकायला, बांधकामाला परवानग्या कुणी दिल्या, यासाठी माहिती अधिकारात अर्ज. अर्ज त्याने स्वतः लिहिला, गल्लीतले दोघे मित्र बरोबर घेतले. तीस दिवसांची मुदत संपत आली तेव्हा अर्धवट उत्तर आलं. तो कागद घेऊन माझ्याकडे आला तेव्हा चिडलेलाच होता, पण पहिलं अपील कसं करायचं हे विचारत होता. झोप बरीच सुधारलीय. मैदानावर अजून तोंड सुटतं. त्यावर काम चालू आहे.

गोळ्यांचं म्हणाल, तर दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, जेवण तुटलं, हात उचलला जाऊ लागला किंवा 'जगून काय उपयोग' असं बोलणं आलं, तर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे.

जाताना आईने विचारलं, "मग मॅचला जाऊ देऊ का नको?" म्हटलं, जाऊ द्या. आणि जमलं तर तुम्हीही जा.