अर्धा स्टार्टर, अर्धा बुलपेन : एकूण ईआरएवर भाव ठरवू नका

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. बेसबॉलचा एक पिचर (चेंडू टाकणारा): ९० इनिंग, ईआरए (दर नऊ इनिंगमागे त्याच्या नावावर लागलेले रन) ३.७०, थोडे सामने स्टार्टर म्हणून, म्हणजे सुरुवातीपासून, बाकीचे बुलपेनमधून, म्हणजे रिलीफमध्ये, मध्येच बदली येऊन. फॅन्टसी लीगच्या लिलावात असा पिचर घ्यावा का? याच प्रश्नाने मलाही बरीच वर्षं छळलंय.

आधी ते ३.७० फोडा. समजा, ६० इनिंग स्टार्टर म्हणून ४.५० ने टाकल्या, म्हणजे ३० रन. उरलेल्या ३० रिलीफमध्ये २.१० ने, म्हणजे ७. एकत्र केलं की बरोबर ३.७०! पुढच्या वर्षी तो पूर्णवेळ स्टार्टर होणार असेल, तर तुम्ही साडेचारच्या माणसाला पावणेचारचा भाव देताय.

बुलपेनमध्ये आकडे सुधारणारच. एकच इनिंग जीव तोडून टाकायची, तोच बॅटर पुन्हा समोर येत नाही. बेसबॉलच्या आकडेवारीचा अभ्यासक टॉम टँगो, त्याचा १७ चा ठोकताळा इथे कामाला येतो: स्टार्टर रिलीफमध्ये गेला की स्ट्राइकआउटचं (तीन स्ट्राइकवर बाद) प्रमाण साधारण १७ टक्के वाढतं, होम रनचं तेवढंच घटतं, वॉक (चार बॉल पडून फुकटचा बेस) मात्र तसेच राहतात. उलट हिशोब करायचा तर रिलीफमधले २७ टक्के स्ट्राइकआउट स्टार्टर म्हणून २३ च्या आसपास धरा. ही सरासरी आहे, प्रत्येकाला लागू होईलच असं नाही.

मला सगळ्यात महाग पडली ती पैसे भरून घेतलेली एक आकडेवारीची सेवा. भूमिकेनुसार आकडे वेगळे द्या म्हणून किती वेळा लिहिलं! दर वेळी तीच एकूण बेरजेची फाइल, आणि वर ‘आमच्या मॉडेलमध्ये सगळं धरलेलं आहे’. त्या भरवशावर लिलावात लावलेलं बजेट मे महिना येईतो पाण्यात गेलं. किती इनिंग स्टार्टर म्हणून धरल्या हे जे सांगत नाहीत, त्यांचा अंदाज फुकट मिळाला तरी घेऊ नका.

त्यात ‘स्टार्ट’चा रकानाही फसवतो. २०१८ मध्ये टँपा बे संघाने ओपनर (पहिली एखाद-दुसरी इनिंग टाकून बाजूला होणारा पिचर) वापरायला सुरुवात केली. त्या वर्षी त्यांच्याच रायन यारब्रोचे सामने ३८, स्टार्ट फक्त ६, पण इनिंग १४७ आणि विजय १६. कागदावर रिलीव्हर, काम जवळपास स्टार्टरचं. शिवाय पहिले तगडे बॅटर ओपनरने आधीच हाताळलेले. म्हणून सामनावार नोंदी उघडा आणि दर वेळी किती बॅटर समोर आले ते बघा. संघात नऊ बॅटर, म्हणून १८ च्या पुढे गेला की त्याच बॅटरांची तिसरी फेरी सुरू. तिथे तो टिकतो का, हे मला ईआरएपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

माझं मत विचाराल तर ज्याच्याकडे चेंडूंचे प्रकार जास्त, त्याच्यावर पैसे लावा. उदाहरण सेथ लुगोचं: न्यूयॉर्क मेट्सकडे तो बरीच वर्षं बुलपेनमध्ये होता. २०२४ मध्ये कॅन्सस सिटीसाठी २०६ इनिंग, ईआरए ३.००, साय यंगच्या (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) मतदानात दुसरा. नुसत्या फास्टबॉल-स्लायडर अशा दोनच चेंडूंवाल्याकडून मी ही अपेक्षा ठेवणार नाही.

तुमची लीग पॉइंट्सची (कामगिरीला गुण देणारी) असेल तर अजून एक: स्टार्टर आणि रिलीव्हर अशा दोन्ही जागांसाठी पात्र असलेला पिचर रिलीव्हरच्या जागेवर बसवून त्याच्या स्टार्टचे गुण मिळतात का, ते लिलावाआधी नियमात बघून घ्या. प्रत्येक लीगचं वेगळं असतं.