काउंटरपलीकडून : पाळी थांबली, मग रक्त जातंय कुठे?

प्रश्न : ताई, सा. न. वि. वि. मी ६१ वर्षांची, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. रामबागेत राहते. जिना चढताना धाप लागायला लागली म्हणून तपासलं, तर हिमोग्लोबिन ८.६. चार महिने रोज लोहाची गोळी घेतली, आता ८.९. रिपोर्ट सोबत जोडलाय. बाकी गोळ्या : थायरॉइडची (दोन महिन्यांपूर्वी ७५ची १०० केली), शुगरची मेटफॉर्मिन नऊ वर्षांपासून, हृदयासाठी ॲस्पिरिन ७५, गॅसची पॅन्टोप्राझोल आणि गुडघे दुखले की डायक्लोफेनॅक. सकाळी सहाला थायरॉइडची आणि लोहाची गोळी एकदमच घेते, म्हणजे विसरायला होत नाही. मग लगेच चहा. शेजारच्या वहिनी बीटाचा रस घ्या म्हणतात, मुलगा महागातलं टॉनिक आणतो म्हणतो. कुठलं चांगलं?

उत्तर : बाई, टॉनिक राहू द्या. बीटाचा रस आवडत असेल तर प्या, पण लोहाच्या बाबतीत त्याचं आणि रक्ताचं साम्य रंगापुरतंच. मी डॉक्टर नाही. दवा बाजारात आणि नंतर घराजवळच्या दुकानात मिळून ३४ वर्षं काउंटरमागे उभी राहिले, तेव्हा सांगणार ते गोळ्यांबद्दल. निर्णय तुमच्या डॉक्टरांचा, आणि माझं वाचून एकही गोळी परस्पर बंद करायची नाही.

तुमची यादी मी कागदावर घड्याळ काढून मांडली आणि सकाळचे सहा वाजताच अडखळले. लोह आणि थायरॉइडची गोळी पोटात एकत्र गेल्या की लोह त्या गोळीला धरून ठेवतं, ती रक्तात नीट उतरत नाही. तुमची ७५ची १०० का झाली असेल, याचं एक कारण इथेच असू शकतं. गोळी तीच, शरीर तेच, पोचायची कमी. वर चहा, म्हणजे लोहाचीही वाट अडवली. चहातलं टॅनिन लोहाला बांधून टाकतं, दुधातलं कॅल्शियमही आड येतं. तुम्ही चार महिने नेमाने गोळी घेतलीत आणि त्यातली बरीचशी वाया गेली.

डॉक्टरांना विचारून असं करून बघा. सहाला थायरॉइडची गोळी नुसत्या पाण्यासोबत. पोहे-चहा आठच्या सुमारास. लोहाची गोळी अकराला, लिंबूपाण्याबरोबर, आणि पुढचा चहा दोन तासांनी. दोन गोळ्यांमध्ये निदान चार तास पडले पाहिजेत. पोटात ढवळत असेल तर रोजऐवजी एक दिवसाआड घेता येईल का, तेही विचारा. रोज गोळी घेतली की लोहाचं दार लावून घेणारं हेप्सिडिन नावाचं हार्मोन शरीरात वाढतं, मधे एक दिवस सोडला की ते खाली येतं. आणि वेळा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पुन्हा करा. नाहीतर पूर्ण उतरायला लागलेली १००ची गोळी जास्त व्हायची आणि छातीत धडधडायला लागेल.

आता तुमचा रिपोर्ट. फेरिटिन ९, म्हणजे लोहाचा साठा संपलाय, यात वाद नाही. पण एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, ८४, अगदी नॉर्मल. लोह कमी असलं की तांबड्या पेशी बारीक होतात, हा आकडा ८०च्या खाली उतरायला हवा होता. त्याच कागदावर आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारातली तफावत, १९.५ आहे, म्हणजे जास्त, पण त्यावर कुणी गोल केलेला नाही. याचा अर्थ पेशी लहान-मोठ्या आहेत. वर्गात अर्धी मुलं चार फुटी आणि अर्धी सहा फुटी असली तर सरासरी पाच फूट येते, तसंच हे. बारीक पेशी लोहाच्या कमतरतेच्या. मग मोठ्या कुठून आल्या? बी-१२ कमी असलं की येतात, आणि नऊ वर्षांच्या मेटफॉर्मिनने बी-१२ कमी होऊ शकतं. पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षं घेतली तर तीही त्यात भर घालते, कारण अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं.

दिव्याखाली अंधार कसा असतो बघा. माझे मोठे दीर बारा वर्षं मेटफॉर्मिनवर होते. पत्ता (पुण्याकडे स्ट्रिप म्हणतात) मीच काढून द्यायची. त्यांच्या पायाला मुंग्या येत, पायातून चप्पल निसटली तरी कळत नसे. सगळे म्हणायचे शुगरमुळे, मीही म्हणायची. शेवटी बी-१२ तपासलं तेव्हा फारच खाली निघालं. इंजेक्शनं घेतल्यावर मुंग्या बऱ्याच कमी झाल्या, पण सगळ्या गेल्या नाहीत. म्हणून तुमच्या रिपोर्टमध्ये बी-१२ची जी तपासणी नाही ती आधी करून घ्या. मुलाच्या टॉनिकलाही माझा नकार याचसाठी : त्यात बहुधा फॉलिक ॲसिड असतं. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर हिमोग्लोबिन वर येतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं.

हे सगळं झालं तरी मूळ प्रश्न उरतोच. गोळी नीट उतरली नाही, हे कळलं. पण साठा मुळात रिकामा का झाला? तुमची पाळी थांबून दहा-बारा वर्षं झाली असतील. या वयात लोह इतकं खाली जातं तेव्हा रक्त कुठूनतरी झिरपत असण्याची शंका आधी घ्यायची. ॲस्पिरिन आणि डायक्लोफेनॅक दोन्ही जठराच्या अस्तराला ओरखडतात, एकत्र तर जास्तच. चमचा-चमचा रक्त रोज गेलं तरी ना दुखतं, ना दिसतं. शौचाचा रंगही फसवतो. लोहाच्या गोळीने तो काळपट होतोच, त्याला घाबरू नका. पण डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. डायक्लोफेनॅकऐवजी गुडघ्याला दुसरं काय चालेल आणि दुर्बिणीची तपासणी करायची का, हे दोन प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या. पॅन्टोप्राझोल मात्र मनाने सोडू नका. लोह-बी-१२ला ती थोडी नडते हे खरं, पण तुमच्या जठरावर सध्या पहारा तिचाच आहे.

लोह नीट उतरायला लागलं आणि गळती थांबली तर महिन्याभरात हिमोग्लोबिन दोनेक ग्रॅमने चढतं. १२ झालं की गोळ्या बंद करायच्या नाहीत, साठा भरायला पुढे आणखी तीनेक महिने लागतात. एवढं करूनही हललं नाही तर शिरेतून लोह देता येतं.

प्रश्न : माझ्या पत्नीला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा आणि दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड दिलंय. केमिस्ट म्हणाला, ही दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध आहेत. मग दोन्ही कशाला? – एक वाचक, सुदामा नगर

उत्तर : केमिस्ट अर्धं बरोबर बोलला. मेथोट्रेक्सेट शरीरातल्या फॉलेटचं काम अडवतं (फॉलेट हे जीवनसत्त्व, फॉलिक ॲसिड हे त्याचंच गोळीतलं रूप). त्यामुळे तोंड येतं, रक्तपेशी कमी होऊ शकतात. ते भरून काढायला वेगळ्या दिवशी फॉलिक ॲसिड देतात, संधिवातावरचा गुण त्याने जात नाही. गंमत म्हणजे दोन्हीचं माहेर एकच. १९४५च्या सुमारास अमेरिकेतल्या लेडरले कंपनीत आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञांच्या चमूने फॉलिक ॲसिड तयार केलं आणि पुढे मेथोट्रेक्सेटही तिथलंच. त्याआधी लुसी विल्स या इंग्रज डॉक्टरबाई १९२८मध्ये मुंबईत आल्या आणि गिरणी कामगार गरोदर बायकांचं रक्त यीस्टच्या अर्काने सुधारतं हे त्यांनी दाखवलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे हेच फॉलेट.

तुमच्या घरी धोका वेगळाच आहे. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली जाते. एक आजी अशीच रोज गोळी खाऊन दुकानात आल्या होत्या : तोंडभर फोड, चेहरा पांढराफटक, आणि हातात रिकामा पत्ता. सरळ दवाखान्यात पाठवावं लागलं. तेव्हा आजच पेन घ्या आणि पत्त्याच्या मागे ठळक लिहा, ‘फक्त बुधवार’ किंवा तुमचा जो वार असेल तो. उरलेला पत्ता रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवू नका, तुमच्या कपाटात ठेवा.