बांध बसायचा कधी थांबेल?

प्रश्न : आमच्या खाजनाचा (भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून बांधाने राखलेल्या सखल शेतजमिनीचा) नदीकडचा बांध तीन वर्षांपूर्वी चिरे आणि माती घालून सुमारे २ मीटर उंच केला. एक-दोन पावसाळ्यांत बसायचा तेवढा बसेल, असे तेव्हा सांगण्यात आले होते. तो अजून बसतोच आहे आणि आम्ही दर वर्षी वर भर घालतो आहोत. तो एकूण किती आणि कधीपर्यंत बसेल, हे आधी सांगता येते का? — एक वाचक, तिसवाडी

उत्तर : किती बसेल, हे बऱ्यापैकी सांगता येते, कधीपर्यंत, हे सांगताना मात्र जाणकारही चुकतात. खाडीकाठच्या चिकणमातीत पाणी भरपूर असते. तिच्यावर बांधाचे ओझे आले की सुरुवातीला ते ओझे कणांमधले पाणीच पेलते, आणि हे पाणी अतिशय सूक्ष्म वाटांनी जसजसे बाहेर निघते तसतशी माती दाबली जाते. या दृढीकरणाचे गणित कार्ल टर्झागी यांनी १९२५ साली मांडले. त्यातली कळीची गोष्ट अशी की, लागणारा काळ पाण्याच्या वाटेच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

प्रयोगशाळेत साधारण २ सेंटीमीटर जाडीच्या चकतीवर वजन ठेवून ती किती दाबली जाते हे मोजतात. समजा, दोन्ही बाजूंनी पाणी सुटणारी चकती पाऊण तासात ९० टक्के बसली. बांधाखाली तीच माती ८ मीटर जाड असेल आणि तिच्या वर-खाली वाळू असेल, तर पाण्याची सर्वांत लांब वाट १ सेंटीमीटरऐवजी ४ मीटर, म्हणजे ४०० पट होते. काळ १,६०,००० पट होतो, आणि पाऊण तासाची सुमारे पावणेचौदा वर्षे होतात. खाली वाळूऐवजी पाणी न सोडणारा कातळ असेल तर सुमारे पंचावन्न! थर साडेतीन टक्के दाबला जाणार असेल तर एकूण बसणे २८ सेंटीमीटर. पैकी निम्मे पहिल्या तीन वर्षांतले. तुमचा बांध अजून बसतो आहे यात म्हणूनच नवल नाही. नवल वाटते ते एक-दोन पावसाळ्यांच्या आश्वासनाचे.

चिखलात वाळूचे पातळ पापुद्रे असतील तर पाणी लवकर सुटते आणि अंदाज चुकतो. शिवाय पाणी निघून गेल्यावरही कणांची रचना हळूहळू अधिक दाट होत राहते. हे दुय्यम बसणे काळाच्या लघुगणकाच्या प्रमाणात होते, म्हणजे ढोबळ मानाने दहाव्या वर्षापासून शंभराव्यापर्यंत जितके बसणे, तितकेच पहिल्यापासून दहाव्यापर्यंतचे असते. सेंद्रिय गाळात ते अधिक जाणवते. १९९४ साली सुरू झालेल्या जपानच्या कान्साई विमानतळाच्या बेटाखाली वरच्या चिकणमातीत वाळूचे उभे स्तंभ घालून पाणी लवकर काढता आले, पण खोलवरच्या थरांपर्यंत तो उपाय पोहोचला नाही आणि बेट अपेक्षेपेक्षा जास्त बसले.

दरसालच्या भरीचे नुकसान असे की, प्रत्येक भर म्हणजे नवे ओझे, आणि त्याचे घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते. माथा खाली आला म्हणजे पाया बसलाच असेही नव्हे. लाटांनी झिजणे, खेकड्यांची बिळे, भर सुकून आकसणे यांनीही उंची घटते. बांधाच्या कडेला चिखल फुगून वर येत असेल, तर तो मामला वेगळा आणि अधिक धोक्याचा आहे : तिथे माती बाजूला सरकते आहे. अशा वेळी भर घालू नये.

नवी भर घालण्यापूर्वी मूळ जमिनीवर लोखंडी तबकडी ठेवून तिला वर निघणारा पाइप जोडावा आणि दर तीन महिन्यांनी त्याची पातळी मोजावी. तुलनेचा खुणेचा दगड बांधापासून दूर, सड्यावरच्या कातळावर असावा. खाजनातल्या एखाद्या मानशीवर (पाणी आत-बाहेर सोडण्याच्या दारावर) खूण केली तर तीही बसत असण्याची शक्यता आहे. असाओका यांच्या १९७८ च्या पद्धतीनुसार प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीसमोर आलेखावर मांडली की बिंदू साधारण एका सरळ रेषेत येतात, आणि ही रेषा ४५ अंशांच्या रेषेला जिथे छेदते तिथे दृढीकरणाचे अंतिम बसणे मिळते. मोजणी चालू असेपर्यंत वर एक टोपलीही माती टाकू नका, नाहीतर रेषा तुटते.