फ्रीडायव्हिंग आणि स्पिअरफिशिंगसाठी कार्बन फायबरचे फिन : हार्ड घ्यावेत की सॉफ्ट?

‘वजन ८०च्या वर आहे ना, मग डोळे झाकून हार्ड घ्या.’ तुमच्या प्रश्नातलं दुकानदाराचं हे वाक्य वाचलं आणि माझी उजवी पोटरी आपोआप आखडली. हेच वाक्य २०२२ साली आमच्या मेहुण्यानं मला ऐकवलं होतं. ते मला ३४ हजार रुपये आणि ४ किलो शिशाला पडलं. एरवी मी इथं नुसता वाचायला येतो, पण याचं उत्तर दिल्याशिवाय आज झोप लागायची नाही.

तुम्ही लिहिलंय की सांगलीतच राहता, वजन ८२, पाय ९ नंबर, श्वास रोखून (म्हणजेच फ्रीडायव्हिंग) १५ मीटरपर्यंत बुडी जाते, पुढच्या वर्षी मस्कतला भावाकडे जाऊन स्पिअरफिशिंग (बुडी मारून भाल्यानं मासे धरणं) करायचंय आणि फिनचं, म्हणजे पायात घालायच्या लांब पात्यांचं, बजेट ४० हजार आहे. ते हार्ड म्हणजे ताठ ब्लेडचे घ्यावेत की सॉफ्ट, हा प्रश्न.

आधी माझी बाजू. कुपवाड एमआयडीसीत माझं फायबरचं वर्कशॉप आहे. टाक्या, कूलरच्या बॉड्या, बागेतल्या घसरगुंड्या असली कामं. रेझिन, हार्डनर, मॅट यात १९ वर्षं हात बरबटलेत. आणि पोहणं विहिरीतलं. तासगावकडच्या आमच्या मळ्यात मोटरीचा फुटबॉल (पाइपच्या तळाची झडप, फूट व्हॉल्व्ह) गाळात रुतला की चुलते मलाच हाक मारायचे. ३५ फूट पाणी. पाइपला धरून खाली जायचं, चाचपून चिखल-पाला काढायचा, वर यायचं. पायात काही नाही आणि चड्डी सोडली तर अंगावरही काही नाही. (हे शहाणपणाचं नव्हतं, त्याबद्दल खाली.) सांगायचं एवढंच की दम कशाला म्हणतात ते मला पुण्याच्या माणसाकडून शिकायचं नव्हतं.

मेहुणा पुण्याला असतो. वजन ९४, रोज जिम. त्यानं दोन जोड एकदम मागवले, दोन्ही हार्ड. ‘दाजी, ताठ ब्लेड जास्त पाणी ढकलतं, साधं फिजिक्स आहे.’ आता दोन पदर जास्त मारले की पत्रा ताठ होतो हे मला कुणी सांगायला नको. पण तो ताठ पत्रा दर तडाख्याला वाकवायला जोर कुणाच्या मांडीतून येणार, हे मी त्याला तिथंच विचारायला हवं होतं. पाहुण्यात वाद नको म्हणून गप्प बसलो.

जानेवारीत मालवणला होडी केली. नुसत्या बुड्या मारायच्या, भाला-बंदूक काही नाही. तिथला काही भाग १९८७पासून सागरी अभयारण्य आहे, उगाच भानगड नको. पाणी १२-१३ मीटर. पहिल्या चार बुड्यांना मी खूश होतो, खोटं कशाला बोलू. चार तडाखे मारले की तळ समोर. पाचव्या बुडीला तळावरून वळलो. त्या खोलीवर छातीतली हवा निम्म्याहून कमी जागेत दाबलेली असते, अंग तरंगत नाही, उलट खालीच ओढतं. त्यामुळं वर येतानाचे पहिले चार-पाच तडाखेच खरे जड. तिसऱ्याला उजव्या पोटरीत गोळा आला. चांगला मुठीएवढा. अंगठा आपोआप खाली वळला आणि पायाला हातभर लांबीचं फळकूट बांधलेलं, ते ना वाकतंय ना सुटतंय. डाव्या पायानं दोन तडाखे मारले तर मी वर जाण्याऐवजी गोल फिरलो. मग कमरेच्या शिशाच्या पट्ट्याचं बक्कल ओढलं. ४ किलो शिसं खाली गेलं, मी वर.

वर आल्यावर मेहुण्याचं पहिलं वाक्य, ‘दाजी, पट्टा सोडला?’ दुसरं, ‘तुमच्या पायात दम नाही.’ हे दुसरं वाक्य मी त्यानंतर दोन दिवाळ्या, एक बारसं आणि एका साखरपुड्यात ऐकलंय. साखरपुड्यात तर नवऱ्या मुलाच्या आजोबांनी माझ्या पायाकडं बघितलं.

आता कार्बनचं. लोक त्याला जादू समजतात, पण तेही शेवटी कापड आणि रेझिनच. एवढं खरं की कार्बनचा धागा काचेच्या धाग्यापेक्षा साधारण तिप्पट ताठ असतो आणि वजनाला हलका. त्यामुळं पातळ ब्लेडमध्ये काम भागतं आणि वाकवलं की ते झटक्यात सरळ होतं, तुम्ही लावलेला जोर बराचसा परत देतं. प्लॅस्टिकचं ब्लेड त्यातला काही जोर स्वतःच खातं. चांगल्या ब्लेडमध्ये पायाजवळ पदर जास्त आणि टोकाकडं कमी कमी होत जातात, म्हणून ते वेताच्या छडीसारखं टोकाकडं जास्त वाकतं. सगळीकडं एकसारखी जाडी असेल तर ती फळी समजा. दुसरी बाजू अशी की कार्बन फार ताणला जात नाही. काचेचं फायबर बरंच वाकून मग मोडतं, कार्बनला दगडाची धार लागली की टवका उडतो. आणि बाजारात वर एक पदर कार्बन, आत सगळं काचेचं असा मालही कार्बन म्हणून खपतो. ब्लेडची कड पॉलिश पेपरनं जराशी घासा. काळी भुकटी पडली तर बहुधा कार्बन, पांढुरकी पडली तर आत काय आहे ते समजून घ्या. मल्टिमीटर असेल तर घासलेल्या जागी दोन्ही टोकं लावा, कार्बनमधून वीज जाते, काचेतून नाही. दुकानदार हे करू देणार नाही, ते सोडा, पण तोंड कसं करतो ते बघा.

सॉफ्ट, मीडियम, हार्ड या शब्दांना बाजारात एक मापही नाही. एका कंपनीचं मीडियम दुसरीच्या हार्डएवढं निघतं. त्यामुळं वजन ८२ म्हणून अमुक, हा हिशेबच लंगडा आहे.

गेल्या ऑक्टोबरात मेहुणा गावी आला तेव्हा मी विषय काढला. मळ्यातल्या विहिरीचं पाणी नितळ झालेलं. मी मधल्या काळात त्याच फूट पॉकेटवर (पाय घालायच्या रबरी बुटावर) काचेच्या फायबरचं सॉफ्ट ब्लेड चढवून घेतलं होतं, ११ हजारांत. ठरलं असं की दोघांनीही एक दिवस हार्डवर आणि एक दिवस सॉफ्टवर बुड्या मारायच्या. तळ गाठून वर, मध्ये ३ मिनिटं विसावा, एक खाली तर दुसरा वर नजर ठेवून, थकला की थांबला. गोड्या पाण्यात अंग कमी तरंगतं, ८० किलोच्या माणसाला साधारण २ किलोचा फरक पडतो, म्हणून पट्ट्यातलं शिसंही तेवढं कमी केलं. बायको पायरीवर शेंगा घेऊन बसली, दर बुडीला एक शेंग बाजूला. भाऊ एकीकडं, नवरा दुसरीकडं, तिच्याइतका निःपक्षपाती पंच कुठं मिळणार.

हार्डवर तळापासून वर यायला मला ८-९ तडाखे लागत होते, सॉफ्टवर ११-१२. इथवर मेहुण्याचं फिजिक्स बरोबर. पण हार्डवर माझ्या शेंगा ६ आणि त्याच्या ८. सॉफ्टवर माझ्या १७, त्याच्या १४. सॉफ्टच्या दिवशी आम्ही नंतर जेवून आंब्याखाली पत्ते खेळलो. हार्डच्या दिवशी तो जिना चढताना कठडा धरत होता. त्याचं म्हणणं, आदल्या रात्री जागरण झालं होतं.

स्पिअरफिशिंगमध्ये तर तासन् तास पाण्यावर पोहावं लागतं, बुड्या ४०-५० होतात, शिवाय खडकांत घुसायचं. तिथं दम पोटरीत उरला पाहिजे. म्हणून मला विचाराल तर तुम्ही कार्बन आत्ता घेऊच नका. सॉफ्ट किंवा फार तर मीडियम, काचेचं ब्लेड घ्या आणि उरलेल्या पैशांत नीट कोर्स करा. कार्बन घ्यायचाच हट्ट असेल तर सॉफ्ट. आणि ब्लेडआधी फूट पॉकेट. ज्या जाडीचे मोजे पाण्यात घालणार तेच घालून बघा. टाच हलली तर सगळा जोर रबरात जातो, बोटं दाबली गेली तर अर्ध्या तासात मुंग्या येतात. ब्लेड वेगळं काढता येणारं पॉकेट असेल तर पुढं नुसतं ब्लेड बदलता येतं, मी तेच केलं. उन्हाळ्यात फिन गाडीच्या डिकीत दुमडून ठेवू नका.

एक कबूल करतो. २५ मीटरच्या खाली जाणारे, जाड सूट घालणारे, प्रवाहात काम करणारे, ज्यांचे पाय वर्षानुवर्षं तयार झालेत, त्यांना ताठ ब्लेड लागू शकतं. मेहुणा त्यातला नाही. मीही नाही. तुमचे १५ मीटर बघता तुम्हीही नाही. आणि विहीर असो की समुद्र, एकट्यानं बुडी नाही. बुडीआधी भराभर श्वास घेऊन छाती भरायची नाही, शुद्ध हरपते ती बहुतेकदा वर येताना, शेवटच्या काही मीटरमध्ये किंवा वर आल्या आल्या. फुटबॉल काढायला मी एकटा जायचो ते नशीब होतं. पट्ट्याचं बक्कल एका हातानं सुटणारंच घ्या. मस्कतला परवान्याचं भावाला आधी विचारायला सांगा.

हार्डच्या दिवशी शेवटच्या बुडीला मेहुण्याच्या डाव्या ब्लेडचं टोक विहिरीच्या दगडी पायरीला लागलं आणि दोन बोटं टवका उडाला. विहीर अरुंद होती म्हणे. वर्कशॉपात मी ते घासून कार्बनचं ठिगळ मारून दिलं. ठिगळ मारलं तिथं ते अजूनच ताठ झालंय, म्हणजे आता ते हार्डच्याही पुढचं. तीन महिने झाले, जोड खिळ्याला टांगलाय, न्यायला आलेला नाही. त्याचा पायही ९ नंबरच. हार्ड घ्यायचंच ठरवलं असेल तर आधी कुठलाही असा जोड पायात चढवून स्टुलावर बसा आणि ब्लेडचं टोक जमिनीवर टेकवून १०० वेळा वाकवून बघा.